मधल्या कमानीवरचा साहेब

“मॅडम, एका ओळीत लिहून द्या. इमारत धोकादायक आहे, नाहीतर सुरक्षित आहे. मधलं काही नको.”

सीओ साहेब, म्हणजे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, नगरहून फोनवर बोलत होते. मी त्यांच्या गावच्या टाऊन हॉलसमोर उभी होते, डोक्यावर हेल्मेट, हातात हातोडी. आदल्या आठवड्यात छज्ज्याचा मोठा तुकडा निखळून पडला होता. त्या छज्ज्याखाली भाजीवाल्या बसतात. बाजार उठला होता म्हणून निभावलं. सीओ साहेबांची घाई मला कळत होती, पण कुणी ‘एका ओळीत लिहा’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. पेशंट मेलाय की जिवंत आहे एवढंच सांगा, तपासू नका, असं डॉक्टरला कुणी म्हणतं का? मी म्हटलं, आधी बघते, मग बोलू. आणि फोन ठेवला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑफिस केडगावला, पुणे रोडवर. जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट हे माझं काम. ऑडिट म्हणजे इमारतीची तब्येत बघायची, दुखणं कुठे आहे ते शोधायचं आणि ती किती तग धरेल ते लिहून द्यायचं. बहुतेक क्लायंटना काय लिहून हवंय ते आधीच ठरलेलं असतं. पाडायची असेल तर ‘पडेल’ लिहा, भाड्याने द्यायची असेल तर ‘टिकेल’ लिहा. इथे काय हवंय ते कळायला पहिला चहा पुरेसा झाला.

चहा अण्णांनी पाजला. अण्णा माजी नगरसेवक, बाजार आळीचे, आवाज असा की माईकची गरज नाही. निवडणुका लांबल्या होत्या, प्रशासक म्हणून सीओ साहेबच सगळं बघत होते, तरी गावात शब्द अण्णांचाच चाले. अण्णांना इमारत पाडायची होती. मनात खोट नव्हती त्यांच्या. त्या भाजीवाल्यांत त्यांची चुलतीही बसायची, आणि तुकडा पडल्यापासून त्यांना झोप नव्हती. पण त्यांचं दुसरंही एक म्हणणं होतं, आणि ते जास्त जोरात होतं.

“ह्यो साहेबाचा हॉल हाय मॅडम. वर बगा, मधल्या कमानीवर त्याचं तोंड हाय. आमी किती दिस त्याला डोक्यावर घिऊन नाचायचं?”

मी वर बघितलं. समोर पाच कमानी होत्या. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर, अगदी मधोमध, एक दगड असतो. तो दोन्ही बाजूंचा भार अडवून धरतो, त्याला आम्ही कीस्टोन म्हणतो. या हॉलच्या पाचही कीस्टोनवर माणसांचे चेहरे कोरलेले होते. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, त्यांना पगडी, फेटा, मुंडासं, गोल टोपी, सगळं ऑइल पेंटने रंगवलेलं. चार जुन्या आळ्यांचे हे चार चेहरे: बाजार आळी, माळी आळी, कासार आळी, मोमीन आळी. आणि मधला चेहरा गुलाबी रंगाचा, निळ्या डोळ्यांचा, डोक्यावर टोपडं घातल्यासारखी साहेबी हॅट, म्हणजे इंग्रज साहेब.

पण मला आधी इमारतच आवडली, हे सांगून टाकते. इटलीतल्या गावांनी काही शतकांपूर्वी आपापले टाऊन हॉल बांधले, तेव्हा जुन्या रोमन कमानी, गोल खांब, त्रिकोणी माथे हे सगळं पुन्हा वापरात आणलं. त्याला रेनेसान्स म्हणतात. राजा कुणी का असेना, गाव आमचं आहे, हे दगडाविटांतून सांगायची ती रीत होती. ती रीत इंग्रजांच्या चित्रांच्या पुस्तकांतून आपल्याकडे आली. या गावातल्या मिस्त्र्यांनी इटली सोडा, मुंबईसुद्धा बघितली नसणार. नुसत्या चित्रावरून त्यांनी हे उभं केलं. अर्धगोल कमानी इतक्या नेमक्या की माझ्या लेसरलासुद्धा खोट काढता येईना. इटलीतल्या खांबांच्या डोक्यावर एका काटेरी झाडाची पानं कोरलेली असतात. ते झाड आपल्याकडे कुणी पाहिलंय? मिस्त्रींनी सरळ ज्वारीची कणसं कोरली. दाणा न् दाणा भरलेला. मी खाली उभी राहून हसले आणि मनातल्या मनात त्या मिस्त्रींना हात जोडले.

पैसा गावाचा होता, असं जुनी माणसं सांगतात. राज्य इंग्रजाचं, परवानगी इंग्रजाची, पण विटा, चुना, बैल, हात सगळे आळ्यांचे. म्हणून गावाने एक रिवाज पाळलाय. भैरवनाथाच्या यात्रेआधी टाऊन हॉल रंगवायचा, आणि तो मान दरवर्षी एका आळीचा. मान म्हणजे आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पालखीपुढे कोण चालणार यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. इथे चार आळ्यांची चार वर्षं, आणि पाचवं वर्ष ख्रिस्ती वाडीचं. वाडी गावाच्या कडेला. तिथली माणसं इथलीच, पणजोबा-खापरपणजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला. रंगाची पाळी त्यांना होती, पण कमानीवर त्यांचा चेहरा नव्हता. म्हणून गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं की मधला साहेब वाडीचा.

या वर्षी पाळी वाडीची होती. गेल्या वेळची लॉकडाऊनमध्ये गेली. यात्राच झाली नाही, पाळी बुडाली. हे मला शांतवन सरांनी सांगितलं. सर म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर, ख्रिस्ती वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आलेले, पण शर्टाची इस्त्री कडक. त्यांनी रंगाच्या छटांचे नमुने पुठ्ठ्यावर काढून आणले होते. पुढची पाळी मला दिसणार नाही, असं ते अगदी सहज म्हणाले. इमारत पाडायचं चाललंय हे त्यांच्या कानावर आलं होतं. मी त्यांना सांगितलं, दोन दिवस द्या.

मग मी कामाला लागले. हातोडीने भिंत हलकेच ठोकायची, हे पहिलं काम. भिंत भरीव असेल तर खणखणीत आवाज येतो, आतून सुटली असेल तर बद्द. वरच्या बाजूला आवाज चांगला होता. खाली, माणसाच्या उंचीपर्यंत आणि छज्ज्याच्या कडेला, सगळीकडे बद्द. ओल मोजायचं मीटर लावलं तर काटा टोकाला गेला. बाहेरून रंग तुकतुकीत, आतून भुसा. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, ते त्या भिंतीकडे बघून सुचलं असावं.

एका कोपऱ्यात मी रंगाचा पोपडा सुरीने उचलला. तो हातात आला तो चांगला जाड, जुन्या पुठ्ठ्यासारखा. कडेने बघितलं तर पिवळा, हिरवा, भगवा, निळा, परत पिवळा. पिढ्यानपिढ्यांचा ऑइल पेंट. खाली जागोजागी सिमेंटची ठिगळं. मला दुखणं तिथेच सापडलं.

सोप्या भाषेत सांगते. ही भिंत विटा आणि चुन्याची. चुना ओल पितो आणि ती हळूहळू हवेत सोडतो. पूर्वी इथलं जमिनीतलं पाणी खोल होतं. कालवा आला, ऊस आला, तशी पाण्याची पातळी वर आली. ते पाणी पायातून भिंतीत चढतं. भिंत उघडी असती तर उन्हात वाळून गेली असती. पण तिच्या अंगावर ऑइल पेंटचा रेनकोट, आणि तो दरवर्षी वरून नवा. पाणी आत अडकलं, त्यातल्या क्षारांनी विटा फोडल्या. गावाने प्रेमाने, स्पर्धेने, एकमेकांपेक्षा भारी डबा आणून ही इमारत गुदमरवली होती. अति तेथे माती म्हणतात, इथे विटांची झालीच होती.

चांगली बातमीही होती. भिंतीत खोलवर ड्रिल करून मी नमुना काढला. आतला चुना दगडासारखा. ड्रिलचं पातं तापलं पण चुना हटेना. कमानी भक्कम होत्या. म्हणजे रंग आणि सिमेंट काढलं, पायात ओल अडवली, छज्जा दुरुस्त केला, तर इमारत माझ्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. पण हे एका ओळीत मावत नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट वाक्य मला शांतवन सरांना सांगायचं होतं: या वर्षी रंग नाही. यापुढे कधीच ऑइल पेंट नाही.

मी ते सरांना त्यांच्या ओसरीवर सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. पुठ्ठ्यावरचे नमुने मांडीवर होते, ते त्यांनी एकावर एक नीट ठेवले.

“बाई, तुमचं शास्त्र खरं असेल,” ते म्हणाले. “पण आमची पाळी आली की काहीतरी निघतंच. गेल्या वेळी रोग निघाला. आता भिंत निघाली.”

चाळीस वर्षं त्या माणसाने गावच्या पोरांना रेघ सरळ काढायला शिकवली. पोरं पाठीमागे ‘साहेबाचा माणूस’ म्हणून चिडवायची. यात्रेत कुणी मधल्या कमानीकडे बोट दाखवून विचारायचं, सर, तुमचा पाहुणा बरा आहे ना? सर हसून सोडून द्यायचे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, बोलता बोलता आलं. मला मात्र सणकून राग आला. कुणावर काढावा तेच समजेना, म्हणून मी सीओ साहेबांना फोन करून मीटिंग लावायला सांगितली.

मीटिंग हॉलच्या आवारात झाली, आत बसायला मीच मनाई केली होती. सगळ्या आळ्यांची माणसं आली. मी पोपडा दाखवला, नमुना दाखवला, दुखणं समजावलं. रंग काढायचा म्हटल्यावर एकच गलका झाला. प्रत्येक आळीचा रंग त्या भिंतीवर होता, आणि ‘आमचा मान खरवडणार’ एवढंच लोकांना ऐकू आलं. अण्णांचं म्हणणं, खर्च करून साहेबाचा हॉल जगवण्यापेक्षा पाडा आणि नवा बांधा, त्याला गावातल्या माणसाचं नाव द्या. सीओ साहेबांनी मला बाजूला घेतलं. लोकच तयार नसतील तर मी धोकादायक म्हणून लिहावं, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा ताप जाईल. मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही. खालचा भाग दोरी लावून बंद करा, भाजीवाल्यांना दुसरीकडे बसवा, ते आजच करा. पण कमानी सुरक्षित आहेत, हे मी सिद्ध करून दाखवते. एक कमान मला द्या. माथ्यापासून खालपर्यंत रंग काढते, विटा आणि दगड उघडे करते. सगळ्यांनी डोळ्यांनी बघा. पोकळ निघाली तर त्याच दिवशी ‘धोकादायक’ लिहून देते.

आता कमान कुठली, हा प्रश्न. माळी आळीवाले म्हणाले आमच्या फेट्याला हात लावायचा नाही. कासार आळी, मोमीन आळी, तेच. शेवटी अण्णांनीच सोडवलं.

“साहेबाची घ्या की. त्याला कोन इचारतंय?”

सगळे हसले. शांतवन सर हसले नाहीत. पण मान हलवून त्यांनी होकार दिला. जी काही होती ती त्यांच्याच वाडीची कमान होती.

परांची बांधली, म्हणजे उंचावर काम करायला बांबू-फळ्यांची चौकट. माझ्या नेहमीच्या माणसांनी पेंट रिमूव्हर लावला. हे औषध लावून थांबलं की रंग फुगतो, मग लाकडी पट्टीने उचलायचा. लोखंडी ब्रश चालत नाही, दगडाला ओरखडे जातात. पट्टे निघत गेले. खालून विटा दिसायला लागल्या, लालबुंद, सांधे घट्ट. अण्णांनी स्वतः हातोडी मागितली. ठोकून बघितलं, कान लावून ऐकलं, पुन्हा ठोकलं. खणखणीत. त्यांनी हातोडी मला परत दिली. मग काम वर, चेहऱ्यापाशी पोचलं.

हॅट दगडाची नव्हतीच. सिमेंटची होती, नंतर कधीतरी चढवलेली. पट्टी लावली तशी कड सुटून आली. कुणी चढवली कुणास ठाऊक. थट्टा असेल, नाहीतर दुरुस्तीला आलेल्या कुणा गवंड्याने डोकं बोडकं दिसतंय म्हणून आपल्या अकलेने टोपी घातली असेल. हॅटखाली दाट कुरळे केस निघाले, चित्रातल्या इटालियन पुतळ्यासारखे. गुलाबी रंग गेला तसा गालाचा काळा दगड दिसला. नाक बसकं, मिशी भरघोस. अण्णांना राहवेना. त्या वयात, त्या पोटाने, ते धापा टाकत परांचीवर चढले. मी खालून ओरडत होते की हेल्मेट घाला. ते चेहऱ्याच्या अगदी जवळ गेले, बाजूने बघितलं, बोट फिरवलं. मग खाली वाकून बघितलं. खाली काठीवर हात ठेवून शांतवन सर उभे होते.

“सर,” अण्णा म्हणाले, “ह्याचा कान टोचल्याला हाय.”

मी वर जाऊन बघितलं. खरंच होतं. कानाच्या पाळीला नीट भोक पाडलेलं, आत रंग साचून बुजलेलं. दोन्ही कानांना. इंग्रज साहेबाचे कान कुणी टोचले असतील का हो? मिस्त्रींनी केस पुस्तकातल्या चित्रावरून कोरले, आणि कान समोर बसलेल्या माणसाचे. साहेब तिथे कधी नव्हताच. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्या परवानगीने, इंग्रजांच्या पुस्तकातून उचललेल्या इमारतीवर पाच माणसं बसवायची होती, आणि गावाने त्यातला एकही दगड साहेबाला दिला नव्हता. साहेबाला जागा दिली ती नंतरच्या लोकांनी, आपल्याच हाताने, आपल्याच रंगाने. मला त्या जुन्या माणसांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते पेंट रिमूव्हरच्या वासावर ढकललं.

सरांना कुणीतरी खुर्ची दिली. चेहऱ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “आमच्या आजोबांचेही कान टोचलेले होते. बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांनी बाळी काढली नव्हती.”

अण्णा खाली उतरले. त्यांचे कपडे, हात, सगळं रंगाने माखलेलं. शाळेत असताना सरांना चिडवणाऱ्यांत तेही होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ते सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, सर, मग आता हे तोंड तुमच्या वाडीचं. आज सगळ्यांसमोर सांगतो, कुणी मधे बोलणार न्हाई.

“नको रे,” सर म्हणाले. “ते गावाचं राहू दे. पाळी तेवढी आमची आम्हाला द्या.”

मग पुढचं सोपं झालं. सोपं म्हणजे माणसांच्या बाजूने सोपं. कामाच्या बाजूने घाम निघाला. दुसऱ्या दिवशी माळी आळीवाले आले, आमचा पण फेटा काढून बघा म्हणाले. मग कासार आळी, मोमीन आळी, सगळ्यांत शेवटी बाजार आळी. फेटे, पगड्या, टोप्या सगळ्या रंगाच्याच निघाल्या. खाली पाचही डोकी बोडकी, केस कुरळे, कान टोचलेले. कुणाचं कोणतं हे सांगता येईना. त्या काळी उघड्या डोक्याने घराबाहेर पडणं म्हणजे सुतक असल्यासारखं, आणि डोक्यावरचं बघून माणसाची जात-आळी कळायची. मिस्त्रींनी मुद्दाम केलं की चित्राची नक्कल केली, ते मी सांगू शकत नाही. मी इंजिनिअर आहे. पण बघायला छान वाटतं एवढं खरं.

मी रिपोर्ट दिला. एका ओळीचा नाही. कमानी सुरक्षित, छज्जा आणि भिंतीचा खालचा भाग धोकादायक, दुरुस्ती अशी अशी, दुरुस्ती होईपर्यंत वापर बंद. सीओ साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सही केली. पाडायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, अण्णांनी तर नाहीच. भाजीवाल्या तात्पुरत्या चावडीपुढे गेल्या, आणि अण्णांची चुलती तिथे गिऱ्हाईक जास्त येतं म्हणून परत यायला तयार नाही.

यात्रेआधी रंग आणि सिमेंट निघालं, छज्जा दुरुस्त झाला, आणि पाळी ख्रिस्ती वाडीची झाली. फक्त रंगाऐवजी चुना. विरलेला चुना, पाण्यात पातळ केलेला, कुंचल्याने मारायचा. तो भिंतीला श्वास घेऊ देतो. ‘वाडीच्या मानाला चुना लावला’ म्हणून दोन दिवस थट्टा चालली, सरांनीही ती केली. सगळी वाडी कामाला होती. सरांना मी वर चढू दिलं नाही, तर त्यांनी खालचे खांब घेतले. ज्वारीच्या कणसांना मात्र हात लावू नका, दाणे बुजतील, असं ते प्रत्येकाला बजावत होते. पालखी मधल्या कमानीखालून गेली तेव्हा ते काठी टेकून बाजूला उभे होते, मनगटापर्यंत चुन्याने पांढरे, आणि अण्णांनी पालखी थांबवून त्यांच्या हातात पहिला नारळ दिला.

तेव्हापासून माझ्या ऑफिसचा एक नियम आहे. जुन्या इमारतीचं सर्टिफिकेट लिहायच्या आधी एका जागी तळापर्यंत रंग काढायचा आणि मालकाला तिथे उभं करायचं. क्लायंट म्हणतात, मॅडम, याला वेळ लागतो. मी म्हणते, लागतो.